राजापूर : आठ निवडणुका, दोन माणसं आणि एक रेल्वे

दर निवडणुकीला एक वाक्य हमखास वाचायला मिळतं. "कोकणी माणूस कृतघ्न. दंडवत्यांनी रेल्वे दिली आणि लोकांनी त्यांनाच पाडलं." यंदाही कुणीतरी कमेंटमध्ये टाकलं. वाक्य ऐकायला बरं वाटतं, पण मला ते अर्धवट वाटतं. म्हणून जरा सविस्तर लिहितो. लांबलंय, सवडीने वाचा.

आज आपण ज्याला रत्नागिरी-सिंधुदुर्ग म्हणतो, त्याचा मोठा भाग २००८ पर्यंत राजापूर या नावाने लोकसभेच्या यादीत होता. १९५२ ची पहिली निवडणूक काँग्रेसची. १९५७ ला संयुक्त महाराष्ट्राचं वारं आलं आणि समितीच्या जोरावर प्रजा समाजवादी पक्षाचे बॅरिस्टर नाथ पै निवडून आले. वेंगुर्ल्याचा माणूस, वय पस्तिशीच्या आत. इथपर्यंत नवल नाही, त्या वर्षी पश्चिम महाराष्ट्रात समितीचं पीकच आलं होतं. खरं नवल १९६२ चं. महाराष्ट्र राज्य झालेलं, समिती फुटलेली, काँग्रेस पुन्हा सगळीकडे बसलेली. तरी राजापुरातून नाथ पै. १९६७ लाही नाथ पै.

मग १८ जानेवारी १९७१. नाथ पै बेळगावात गेले, वय अवघं ४८. निवडणूक दीड-दोन महिन्यांवर. त्यांच्या जागी उभे राहिले प्रा. मधु दंडवते. जन्म अहमदनगरचा, मुंबईत सिद्धार्थ कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवणारे. म्हणजे गाववाले नाहीत, भावकी नाही, जातीचं गणित नाही. आणि समोर इंदिरा लाट. महाराष्ट्रातल्या ४५ पैकी ४२ जागा काँग्रेसने घेतल्या. प्रजा समाजवादी पक्षाचे अख्ख्या देशात दोन खासदार उरले, त्यातला एक आपला. मग १९७७, १९८०, १९८४, १९८९. १९८४ ची लाट तर इंदिराजींच्या हत्येनंतरची, राज्यात ४८ पैकी ४३ काँग्रेस. जनता पक्षाची महाराष्ट्रातली एकुलती एक जागा राजापूर.

बोटं मोजा. ५७ पासून ८९ पर्यंत सलग आठ निवडणुका, खासदार दोन, काँग्रेस आठही वेळा पराभूत. आणि या काळात रेल्वे नव्हती. बोटीने नाहीतर एस्टीने मुंबई. म्हणजे लोक काम बघून मत देत होते असं म्हणायला जागाच नाही. मग कशासाठी देत होते?

माझ्या मते उत्तर मुंबईत आहे. इथलं घर चालायचं मनीऑर्डरवर. पावसाळ्यातलं एक भाताचं पीक, थोडा आंबा-काजू, किनाऱ्याला मासळी. बाकी पुरुष माणूस गिरणीत. त्या चाकरमान्याने गिरणगावात युनियन बघितलेली, सभा ऐकलेल्या, संप केलेले. गणपतीला, शिमग्याला तो गावी यायचा तेव्हा नुसती बुंदी आणि कपडे आणायचा नाही, मुंबईचं राजकारणही आणायचा. इकडे खोतीविरुद्धचा लढा लोकांच्या आठवणीत ताजा होता. कणकवलीत अप्पासाहेब पटवर्धनांचा गोपुरी आश्रम, गावोगावी सेवादलात वाढलेले मास्तर. पैसा नसलेला पक्ष या लोकांच्या खांद्यावर चालत होता. आणि दिल्लीत बोलणारा माणूस आपला आहे, याचा एक अभिमान असायचा. गोलकनाथ निकालानंतर घटनादुरुस्तीचा अधिकार संसदेला परत मिळावा म्हणून नाथ पैंनी खासगी विधेयक आणलं, देशभर चर्चा झाली. वाडीतल्या माणसाला त्यातली कलमं कळत होती असं मी म्हणणार नाही. पण आपल्या बॅरिस्टरमुळे दिल्लीत वाद पेटलाय, एवढं कळत होतं.

दंडवत्यांचंही तेच. आणीबाणीत बंगळुरात वाजपेयी-अडवाणींबरोबर अटक, पत्नी प्रमिलाताई येरवड्यात. ७७ ला रेल्वेमंत्री झाल्यावर दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळ्यांवर गाद्या आल्या. आज स्लीपरला पाठ टेकताना कुणाला आठवतही नसेल. ७४ च्या संपात काढलेल्या कामगारांना परत घेतलं. आणि ज्या मतदारसंघाने त्यांना निवडून दिलं, तिथे रूळ नाहीत! रूळ रोह्यापर्यंत यायला १९८६ उजाडलं.

आता १९९१ कडे येऊ, कारण 'कृतघ्न' हा शब्द तिथूनच निघतो. १९८९ ला व्ही. पी. सिंग सरकारात दंडवते अर्थमंत्री, जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री. १९ जुलै १९९० ला कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झालं. भांडवलात केंद्राचे ५१ टक्के, महाराष्ट्राचे २२, कर्नाटकाचे १५, गोवा आणि केरळचे प्रत्येकी ६. पैशाचा हा मार्ग निघाला म्हणून रेल्वे झाली, नाहीतर अजून सर्व्हेच चालू असता. काही महिन्यांत सरकार पडलं, आणि ९१ च्या निवडणुकीत काँग्रेसचे सुधीर सावंत जिंकले. लष्करातून आलेला तरुण उमेदवार. पहिली गाडी रोहा ते मंगळूर सलग धावायला १९९८ चा २६ जानेवारी लागला. म्हणजे लोकांनी दंडवत्यांना पाडलं तेव्हा रेल्वे आलेलीच नव्हती. रेल्वेत बसून कुणी त्यांच्याविरुद्ध शिक्का मारला नाही, एवढं तरी मान्य करा.

मग झालं काय? तर ज्या चाकरमान्याच्या खांद्यावर हे राजकारण उभं होतं, तो चाकरमानीच बदलला. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, तो बहुतेकांसाठी कधी संपलाच नाही. लाल बावट्याची आणि समाजवाद्यांची मुंबई आधीच मागे पडत होती. आता त्याच चाळीतला मुलगा शाखेत जाऊ लागला, आणि गावी येताना भगवा घेऊन आला. १९९० च्या विधानसभेला मालवणातून नारायण राणे निवडून आले, तेही मुंबईत घडलेले शिवसैनिक. काँग्रेस नको असलेल्या माणसाला इतकी वर्षं एकच घर होतं, आता दुसरं मिळालं. दंडवत्यांचे मतदार कृतघ्न झाले नाहीत हो, त्यांची मुलं दुसरीकडे गेली. समाजवादी मास्तर म्हातारे झाले आणि त्यांच्या जागी कुणी आलं नाही. यात पक्षाचाही दोष आहे. सभेला गर्दी जमवणं आणि वाडीत संघटना ठेवणं यातला फरक जनता परिवाराला कधी समजला नाही, हे माझं स्पष्ट मत.

१९९६ पासून सुरेश प्रभू. शिवसेना, सलग चार वेळा. वाजपेयींकडे ऊर्जामंत्री म्हणून नाव कमावलं. २००२ ला पक्षाने मंत्रिपद सोडायला लावलं, तरी २००४ ला लोकांनी निवडून दिलं. म्हणजे प्रभूंची स्वतःची मतं होती असं वाटेल. पण २००५ ला राणे सेनेतून काँग्रेसमध्ये गेले, २००९ ला नव्या मतदारसंघात त्यांचे चिरंजीव नीलेश उभे राहिले आणि प्रभू पडले. पाच वर्षांत प्रभूंनी असं काय वाईट केलं होतं? काही नाही. वाडीतलं जाळं राण्यांबरोबर गेलं, एवढंच. हेच प्रभू पुढे रेल्वेमंत्री झाले, पण इथून नाही, राज्यसभेतून. या मतदारसंघाशी नातं असलेले दोन रेल्वेमंत्री, आणि गणपतीच्या गाड्यांचं बुकिंग मात्र अजून काही मिनिटांत फुल्ल!

पण नुसत्या जाळ्यावर सगळं चालतं म्हणावं, तर २०१४ ला विनायक राऊतांनी नीलेश राण्यांना दीड लाखाने पाडलं. मोदी लाट होतीच. पण माडबनचा जैतापूर अणुप्रकल्प विसरू नका. २०११ ला साखरी नाटेला आंदोलनात गोळीबार झाला, एकाचा जीव गेला. प्रकल्पाच्या बाजूने कोण उभं होतं ते राजापूर तालुक्याने लक्षात ठेवलं. २०१९ ला नाणारची अधिसूचना निवडणुकीच्या तोंडावर, मार्चमध्ये रद्द झाली आणि राऊत पावणेदोन लाखांहून जास्त मतांनी आले. नंतर तीच रिफायनरी बारसूत नेण्याचं पत्र उद्धव ठाकरे मुख्यमंत्री असताना दिल्लीला गेलं, हेही लिहून ठेवतो. नाहीतर एका बाजूचं लिहिलं म्हणाल.

माझी खंत इथे आहे. अणुभट्टी, रिफायनरी, बंदरं, हे सगळे निर्णय दिल्लीत होतात. जमीन आपली, समुद्र आपला. पन्नास-साठ वर्षांपूर्वी खायची भ्रांत असलेल्या लोकांनी दिल्लीत प्रश्न विचारणारा माणूस पाठवला आणि लाटेतही टिकवला. आता प्रकल्पाच्या बाजूचा की विरोधातला, हे उमेदवार कोणत्या पक्षात आहे त्यावरून ठरतं, आणि पक्ष दर पाच वर्षांनी बदलतो.

२०२४ ला नारायण राणे स्वतः उभे राहिले, भाजपकडून. इथून कमळ पहिल्यांदाच निवडून आलं. फरक ४७,८५८. आकडे विधानसभावार काढून बघा. चिपळूण, रत्नागिरी, राजापूर या तिन्हीत राऊत पुढे. कणकवली, कुडाळ, सावंतवाडीत राणे. खारेपाटणचा पूल ओलांडला की आघाडी बदलत होती. नाथ पैंच्या वेळी या पुलाच्या दोन्ही बाजूंना जिल्हा एकच होता, रत्नागिरी. सिंधुदुर्ग वेगळा झाला १९८१ ला.