परतीचं तिकीट

परक्या शहरात जाताना काय जवळ बाळगावं, कुणावर विश्वास ठेवावा, आजारी पडलं तर काय करावं, याची छापील यादी आज कुठल्याही ट्रॅव्हल कंपनीकडे मिळते. आपण ती वरवर चाळतो आणि बॅगेच्या कप्प्यात टाकून देतो. पण अशी यादी कुणी टेबलाशी बसून एका दिवसात केलेली नसते. तिच्यातली बरीचशी कलमं कुणी ना कुणी भोगून मिळवलेली असतात. मुंबईहून मक्केला जाणाऱ्या यात्रेकरूंचा इतिहास पाहिला की हे नीट ध्यानात येतं.

हजच्या तयारीची पहिली यादी धर्मानंच घालून दिली आहे. ज्याच्यापाशी जाण्यायेण्याचा खर्च आहे, मागं राहिलेल्या बायकामुलांच्या पोटाची सोय आहे, अंगात बळ आहे आणि वाट निर्धोक आहे, त्याच्यावरच हज फर्ज. देणं असेल तर ते आधी चुकतं करायचं. म्हणूनच निघण्यापूर्वी माणूस वसीयत करून ठेवतो, दारोदार जाऊन 'कहा-सुना माफ करो' म्हणतो. आमच्याकडे हा निरोप घ्यायला हिंदू शेजाऱ्यांच्या ओट्यावरही जातात आणि तिथंही डोळ्यांना पदर लागतो. पूर्वी काशीला निघालेला म्हातारा जमिनीच्या वाटण्या करून निघायचा, त्यातलाच हा प्रकार. कारण दोन्हीकडे एकच होतं. माणूस परत येईल याची खात्री नव्हती. इहरामच्या दोन पांढऱ्या चादरींबरोबर कफनाचं कापडही ट्रंकेत ठेवणारे कितीतरी होते.

मोगल काळात मक्केचा दरवाजा म्हणजे सुरत. अकबर बादशहाची आत्या गुलबदन बेगम १५७६ साली तिथून जहाजात बसली. तेव्हा समुद्रावर सत्ता पोर्तुगीजांची. त्यांचा 'कार्ताझ' नावाचा परवाना जवळ नसेल तर जहाज पकडलं जाई. बादशहाच्या घरच्या बायकांनाही तो चुकला नाही. येताना एडनजवळ जहाज फुटलं. बेगम फतेहपूर सिक्रीला पोचली ती १५८२ साली. पुढं १६९५ मध्ये यात्रेकरूंना घेऊन परतणारं औरंगजेबाचं 'गंज-ए-सवाई' हे प्रचंड जहाज हेन्री एव्हरी या इंग्रज चाच्यानं लुटलं आणि बायकांवर अत्याचार झाले. राजाचं जहाज असलं म्हणून माणूस सुखरूप पोचतोच असं नाही, हे तेव्हा सगळ्यांना कळलं.

याच काळात एक मार्गदर्शक पुस्तक तयार झालं. औरंगजेबाची मुलगी झेबुन्निसा हिच्या आश्रयानं सफी बिन वली काझविनी हा विद्वान १६७६-७७ मध्ये हजला जाऊन आला. त्यानं फारसीत 'अनीस-उल-हुज्जाज', म्हणजे हाजींचा सोबती, हे पुस्तक लिहिलं. त्यात केवळ दुआ आणि विधी नाहीत. प्रवासाची तयारी कशी करावी, जहाजाचं काय पाहावं, असा व्यवहारही आहे. त्याची चित्रांनी नटलेली हस्तलिखितं आजही जपलेली आहेत.

एकोणिसाव्या शतकात आगबोटी आल्या आणि सुरतेची जागा मुंबईनं घेतली. १८६४ मध्ये भोपाळची सिकंदर बेगम मुंबईहूनच गेली. तिच्या प्रवासवर्णनाचं इंग्रजी भाषांतर १८७० साली छापलं गेलं. राज्य चालवणारी बाई ती. जेद्दा बंदरातला गोंधळ, सामानाची झडती, चोऱ्या आणि जकातीची कटकट तिनं जशी पाहिली तशी लिहिली. राणीची ही गत, तर डेकवर चटई टाकून जाणाऱ्याची काय असेल?

आगबोटीनं भाडं उतरलं आणि गरिबालाही मक्का दिसू लागली. त्याबरोबर संकटही वाढलं. १८६५ च्या हजमध्ये पटकीची साथ आली. सुमारे ९० हजार यात्रेकरूंपैकी १५ हजार दगावले असा अंदाज केला जातो. साथ पुढं इजिप्तमार्गे युरोपात गेली, तेव्हा युरोप जागा झाला. १८६६ मध्ये कॉन्स्टँटिनोपलला आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि बोट हिंदुस्थानी यात्रेकरूकडे दाखवलं गेलं. १८८२ पासून तांबड्या समुद्रातल्या कामरान बेटावर त्यांना उतरवून क्वारंटाइनमध्ये ठेवू लागले. १८९७ मध्ये मुंबईत प्लेग होता म्हणून सरकारनं इथून हजला जाणंच बंद केलं.

यात्रेकरूंचे हाल सरकारला ठाऊक नव्हते असं नाही. हिंदुस्थान सरकारनं १८७८ साली डॉ. अब्दुर रज्जाक यांना यात्रेकरूंबरोबर धाडलं. पुढं ते जेद्द्याला ब्रिटिश व्हाइस कॉन्सल झाले. पैसे संपून अडकलेल्या, आजारी, लुटल्या गेलेल्या माणसांविषयी त्यांनी सरकारला वर्षानुवर्षं लिहिलं. १८९५ मध्ये जेद्द्याबाहेर त्यांचा खून झाला.

'जेद्दा' नावाच्या आगबोटीची गोष्ट तर विसरता येत नाही. ऑगस्ट १८८० मध्ये, सिंगापूर-पेनांगहून सुमारे ९५० यात्रेकरू घेऊन निघालेल्या या बोटीत पाणी शिरू लागलं. कप्तान आणि गोरे अधिकारी होडीत बसून निसटले आणि एडनला जाऊन त्यांनी बोट बुडाल्याची खबर दिली. दुसऱ्याच दिवशी ती बोट दुसऱ्या जहाजाच्या दोराला बांधून एडनच्या बंदरात आली, माणसांनी भरलेली. जोसेफ कॉनराडनं पुढं यावरून 'लॉर्ड जिम' ही कादंबरी रचली. ती पळालेल्या अधिकाऱ्याच्या मनाची कहाणी आहे. मागं टाकलेल्यांची नावं त्या कादंबरीत नाहीत. स्वतःची काळजी घ्या, हा उपदेश त्या ९५० जणांच्या काय कामाचा होता? त्यांनी शिदोरी बांधली होती, देणं फेडलं होतं. कप्तान पळून जाईल याची तयारी कोण करणार?

सरकारनं उपाय शोधला, तो कंत्राटाचा. १८८६ मध्ये थॉमस कुक कंपनीला मुंबईच्या हज वाहतुकीचं काम दिलं. सात-आठ वर्षांत तो प्रयोग संपला. १८९५ मध्ये यात्रेकरू-जहाजांसाठी नवा कायदा झाला. पण मूळ दुखणं वेगळंच होतं. जमीन विकून, दागिने मोडून माणूस एकेरी तिकीट काढायचा आणि परतीच्या भाड्यावाचून जेद्द्याच्या रस्त्यावर पडायचा.

तिकीट दोन्हीकडचं घ्यायला लावा, ही सूचना पुन्हा पुन्हा पुढं येई. सरकार म्हणे, धर्मात हात घालणार नाही. काही मुसलमानांचाही विरोध होता. त्या पवित्र भूमीतच डोळे मिटावेत अशी आस धरून निघालेल्या म्हाताऱ्याला परतीचं तिकीट घ्यायला लावणं त्यांना पटत नव्हतं. त्या भावनेला मी हसणार नाही. पण परत येऊ इच्छिणारे आणि येऊ न शकणारे कितीतरी अधिक होते. अखेर १९२५ च्या कायद्यानं परतीचं तिकीट किंवा तेवढी अनामत सक्तीची झाली. १९२७ मध्ये मुंबईत हज कमिटी बसली. शतकानुशतकं जे यात्रेकरूनं एकट्यानं सांभाळायचं होतं, त्यातलं थोडं सरकारच्या खांद्यावर आलं.

बोटी १९९५ मध्ये बंद झाल्या. आता विमान काही तासांत पोचवतं. पण यादीत भर पडतच आहे. १९८७ च्या हजमध्ये मेनिंजायटिस पसरला, त्यानंतर त्याची लस सक्तीची झाली. १९९७ मध्ये मीनाला तंबूंना आग लागून ३४३ माणसं गेली, मग आग न धरणारे तंबू आले आणि तिथं गॅसवर रांधणं बंद झालं. जून २०२४ मध्ये पारा ५१ अंशांच्या वर गेला आणि १३०० हून अधिक माणसं मेली. सौदी सरकारच्या म्हणण्यानुसार त्यातले ८३ टक्के लोक परवान्याशिवाय आलेले होते. थंड तंबू आणि बसगाड्या परवानाधारकांसाठी. इतरांनी उन्हात मैलोन्मैल पायपीट केली. आगबोटीच्या काळातला एकेरी तिकिटाचा माणूस इथं पुन्हा दिसतो. स्वस्तात नेतो म्हणणारा दलालही तोच.

म्हणून घरातलं कुणी निघालं असेल तर छत्री, चपला, रोजच्या गोळ्या बांधून द्याच. पण त्याआधी परवाना खरा आहे ना, एजंट नोंदलेला आहे ना, लस टोचली ना, मुक्कामाचा पत्ता लिहून गळ्यात अडकवला ना, हे स्वतः पाहा. प्रशिक्षण शिबिराला म्हाताऱ्यांना हाताला धरून न्या. आणि परतीचं तिकीट एकदा डोळ्यांनी बघा. कहा-सुना माफ करायला शेजारीपाजारी आहेतच. तो माणूस परत आल्यावर खजूर आणि जमजमचं पाणी घ्यायलाही तेच येणार आहेत.