जेन मॅनिंग जेम्स : मॉर्मन स्थलांतर आणि वारसाहक्काचा प्रश्न

अमेरिकेतील मॉर्मन पंथात १८४७ साली सॉल्ट लेक खोऱ्यात पोहोचलेल्या वसाहतकारांना आद्य पूर्वजांचे स्थान आहे. मंदिरातील विधीने जोडलेले कुटुंब मृत्यूनंतरही अखंड राहते, या श्रद्धेमुळे येथे वंशावळ हा धर्माचरणाचाच भाग ठरतो. जेन मॅनिंग जेम्स या कृष्णवर्णीय स्त्रीचे चरित्र या संदर्भात अभ्यासणे उद्बोधक आहे.

कनेक्टिकट राज्यातील विल्टन येथे १८२० च्या सुमारास जन्मलेली जेन गुलाम नव्हती. लहानपणापासून ती गोऱ्या कुटुंबात घरकाम करीत असे. मॉर्मन पंथ स्वीकारल्यावर १८४३ मध्ये ती आप्तांसह इलिनॉयमधील नॉवू नगराकडे निघाली. बफेलो येथे त्यांना बोटीत प्रवेश नाकारण्यात आला आणि पुढील सुमारे ८०० मैलांचे अंतर त्यांनी पायी तोडले. जोडे झिजले, पाय फुटून रक्ताळले आणि प्रार्थनेने बरे झाले, असे तिने वृद्धापकाळी सांगितलेल्या आत्मकथनात येते. हा भाग श्रद्धेचा म्हणून बाजूला ठेवता येईल. परंतु पिओरिया येथे स्वातंत्र्याचे दाखले नसल्याने तुरुंगाची धमकी मिळाली, हा प्रसंग त्या राज्यातील कृष्णवर्णीयांविषयीच्या कायद्यांशी जुळणारा आहे.

नॉवू येथे ती पंथसंस्थापक जोसेफ स्मिथ यांच्या घरी कामाला राहिली. त्यांची पत्नी एमा हिने, आपली कन्या म्हणून दत्तक विधी करून घेशील काय, असे तिला विचारले. अर्थ न उमगल्याने जेनने नकार दिला. १८४४ मध्ये स्मिथ यांची हत्या झाली. पुढे आयझॅक जेम्स याच्याशी विवाह करून ती १८४७ च्या सप्टेंबरात युटात पोहोचली. १८४९ च्या टंचाईत तिने शेजारणीला दोन पौंड पीठ दिले. ते तिच्याजवळच्या पिठापैकी निम्मे होते. स्मरणग्रंथांना हा प्रसंग विशेष प्रिय आहे.

तिची विनंतिपत्रे मात्र अधिक बोलकी आहेत. १८५२ मध्ये ब्रिगहॅम यंग यांनी कृष्णवर्णीयांना पौरोहित्य नाकारणारे धोरण जाहीर केले; कालांतराने मंदिरातील उच्च विधीही त्यांना बंद झाले. मृत आप्तांसाठी बाप्तिस्मा घेण्याची परवानगी जेनला मिळाली, स्वतःसाठी उच्च विधींची मिळाली नाही. १८८४ साली अध्यक्ष जॉन टेलर यांना लिहविलेल्या पत्रात तिने अब्राहामाला मिळालेल्या वचनाचा आधार घेतला : सर्व राष्ट्रे आशीर्वादित होणार असतील, तर तिच्यासाठी काहीच नाही काय? एमाच्या प्रस्तावाची आठवणही तिने करून दिली. येथे ती दयेची याचना करीत नाही. धर्मग्रंथाच्या आधारे ती युक्तिवाद करते.

१८ मे १८९४ रोजी धर्मसंस्थेने मधला मार्ग काढला. जेनला स्मिथ कुटुंबाशी अनंतकाळासाठी जोडण्यात आले, पण कन्या म्हणून नव्हे, सेविका म्हणून. विधीला तिला उपस्थित राहू दिले नाही. तिच्या जागी एक गोरी स्त्री उभी राहिली. जेनचे यावर समाधान झाले नाही. तिने पुन्हा मागणी केली, तीही फेटाळली गेली. १६ एप्रिल १९०८ रोजी ती वारली. तिच्या अंत्यविधीत धर्मसंस्थेचे अध्यक्ष जोसेफ एफ. स्मिथ यांनी भाषण केले. तिची विनंतिपत्रे ज्यांच्याकडे गेली होती, त्यांत तेही होते. १९७८ मध्ये वर्णबंदी उठली. पुढच्याच वर्षी, मृत्यूनंतर ७१ वर्षांनी, प्रतिनिधीमार्फत जेनच्या नावे मंदिरविधी पार पाडण्यात आला.