राखेची वीट आणि सरकारी दरसूची : परळी औष्णिक विद्युत केंद्राच्या परिसरातील पर्यावरणपूरक शासकीय खरेदीचा इतिहास (१९९९–२०२१)

प्रस्तावना

शासन कायदे करते, कर वसूल करते, त्याचप्रमाणे ते खरेदीही करते. या तिसऱ्या भूमिकेकडे इतिहासलेखनाचे फारसे लक्ष गेलेले नाही. वस्तू खरेदी करताना किमतीखेरीज अन्य हेतू साधण्याची कल्पना मात्र आपल्याकडे नवीन नाही. ब्रिटिश राजवटीत १९२२ मध्ये भारतीय भांडार विभाग स्थापन झाला, त्यामागे सरकारी गरजेच्या वस्तू शक्यतो देशातच घ्याव्यात ही मागणी होती. स्वातंत्र्यानंतर खादी आणि लघुउद्योगांच्या मालाला सरकारी खरेदीत प्राधान्य मिळाले. पर्यावरण हा हेतू या यादीत सर्वांत उशिरा आला. १९९१ मध्ये केंद्र शासनाने मातीच्या घड्याचे चिन्ह असलेली ‘इकोमार्क’ योजना जाहीर केली. परंतु त्या चिन्हाच्या वस्तूच घ्याव्यात असे बंधन शासकीय कार्यालयांवर नव्हते, आणि योजना बहुतांशी कागदावरच राहिली. बंधन आले ते १९९९ मध्ये, आणि तेही औष्णिक विद्युत केंद्रांच्या राखेच्या निमित्ताने. बीड जिल्ह्यातील परळी वैजनाथ येथे असे केंद्र असल्याने या धोरणाचा जिल्हास्तरीय इतिहास येथे पाहता येतो. प्रस्तुत लेखात त्याचाच मागोवा घेतला आहे.

काळी, पांढरी आणि राख

मराठवाड्यात गावाची वस्ती ती ‘पांढरी’ आणि शेतजमीन ती ‘काळी’. जुनी घरे पांढरीच्या मातीची, धाब्याची असत. पडलेल्या गढीची माती नव्या भिंतीला लागे आणि ती भिंत पडली की पुन्हा मातीत जाई. भाजलेल्या विटेने हे चक्र मोडले. एका विटेला साधारणपणे तीन किलो माती लागते असे धरले, तर हजार विटांना तीन टन. ही माती नदीनाल्यांच्या काठची, गाळाची, म्हणजेच पिकाला सर्वांत उपयोगी असलेली असते. ज्या जिल्ह्यात दुष्काळ वारंवार येतो, तेथे मातीचा वरचा थर एकदा गेला की तो पुन्हा तयार होण्यास किती पिढ्या लागतील हे सांगता येत नाही.

परळी येथे १९७० च्या दशकाच्या आरंभी ३० मेगावॅटचे दोन संच सुरू झाले. १९८० ते १९८७ या काळात २१० मेगावॅटचे तीन संच आले. पुढे २००७, २०१० आणि २०१६ मध्ये प्रत्येकी २५० मेगावॅटचे तीन. जुने संच आता बंद झाले आहेत. भारतीय दगडी कोळशात राखेचे प्रमाण ३० ते ४५ टक्क्यांपर्यंत असते, म्हणजे तीन वाघिणी कोळसा आला की सुमारे एक वाघीण राख मागे राहते. ही राख पाण्यात कालवून नळांद्वारे राखतळ्यांत सोडली जाते. गोदावरीवरील खडका बंधाऱ्यातून पाणी घेणाऱ्या या केंद्राचे सर्व संच २०१३ च्या दुष्काळात पाण्याअभावी बंद ठेवावे लागले होते, ही गोष्ट लक्षात घेतली तर कोरडी राख उचलून वापरणे हा पाण्याचाही प्रश्न होता हे स्पष्ट होते.

राखेची उपयुक्तता तंत्रज्ञांना अपरिचित नव्हती. चुन्यात विटांची भुकटी, म्हणजे सुरखी, मिसळण्याची रीत गवंडी पिढ्यान्‌पिढ्या जाणत होते. कोळशाची बारीक राख रासायनिकदृष्ट्या त्याच कुळातील आहे. मातीच्या विटेत ती मिसळली तर त्यातील न जळालेल्या कार्बनमुळे भट्टीचे इंधनही काही अंशी वाचते.

१९९९ ची अधिसूचना : खरेदीचे कर्तव्य

दिल्ली उच्च न्यायालयातील जनहित याचिकेच्या पार्श्वभूमीवर केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने १४ सप्टेंबर १९९९ रोजी राखेसंबंधी अधिसूचना काढली. औष्णिक केंद्रापासून ५० किलोमीटरच्या आतील वीटभट्ट्यांनी मातीत वजनाने किमान २५ टक्के राख मिसळावी आणि केंद्राने ती दहा वर्षे विनामूल्य द्यावी, हा तिचा भाग सर्वांना ठाऊक आहे. त्याहून महत्त्वाचा, पण कमी वाचला गेलेला भाग शासकीय बांधकाम यंत्रणांविषयी होता. केंद्रीय व राज्यांचे सार्वजनिक बांधकाम विभाग, गृहनिर्माण मंडळे, राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण यांनी चार महिन्यांच्या आत आपल्या विनिर्देशांत राख व राखेच्या वस्तूंचा वापर समाविष्ट करावा, आणि स्थानिक संस्थांनी बांधकाम नियमांत तशी तरतूद करावी, असे त्यात म्हटले होते. अमेरिकेतही केंद्रीय खरेदीसाठी पर्यावरण संस्थेने १९८३ मध्ये काढलेले पहिले मार्गदर्शक तत्त्व राखमिश्रित सिमेंट व काँक्रीटविषयीच होते. जपानने हरित खरेदीचा स्वतंत्र कायदा २००० मध्ये केला. तेव्हा भारताने उशीर केला असे म्हणता येत नाही.

या धोरणाची व्याप्ती नकाशावर वर्तुळांनी वाढत गेली. पहिल्या ५० किलोमीटरच्या वर्तुळात अंबाजोगाई येत होते. केज आणि जिल्ह्याचे ठिकाण बीड बाहेर राहत होते. २७ ऑगस्ट २००३ च्या दुरुस्तीने वर्तुळ १०० किलोमीटरचे झाले आणि बीड शहर आत आले. बांधकाम यंत्रणांना राखेच्या विटांचे प्रमाण टप्प्याटप्प्याने वाढवून २००७ पर्यंत शंभर टक्क्यांवर न्यायचे होते. पाटोदा व आष्टी मात्र २०१६ च्या दुरुस्तीने वर्तुळ ३०० किलोमीटरचे होईपर्यंत बाहेरच होते. त्याच दुरुस्तीत रोजगार हमी, ग्रामसडक, स्वच्छ भारत अशा शासकीय योजनांतील बांधकामांत राखेच्या वस्तू बंधनकारक झाल्या, आणि १०० किलोमीटरपर्यंतचा वाहतूक खर्च केंद्रावर टाकण्यात आला. नोव्हेंबर २०१६ मध्ये महाराष्ट्राने राखेच्या वापराचे स्वतंत्र धोरण स्वीकारले. असे करणारे ते देशातील पहिले राज्य होते.

नोंद कोणाची?

येथे एक बाब विचारात घेणे आवश्यक आहे. परळीत राख निर्माण करणारी संस्था शासनाची (आधी राज्य वीज मंडळ, २००५ पासून महानिर्मिती), आणि शाळाखोल्या, आरोग्य केंद्रे, रस्ते बांधणारी संस्थाही शासनाचीच. एका हाताने दुसऱ्या हाताला माल द्यावा इतका हा व्यवहार साधा असावयास हवा होता. प्रत्यक्षात सरकार वीट विकत घेत नाही. ते बांधकाम विकत घेते. वीट कंत्राटदार घेतो. जिल्हा परिषदेचा उपअभियंता मोजमाप पुस्तिकेत घनमीटरमध्ये वीटकाम नोंदवतो. ती वीट कशाची, राख कोणत्या तळ्यातील, हे त्या रकान्यात मावत नाही. निविदा न्यूनतम दराची असते, आणि दरसूचीत बाब असणे म्हणजे ती वापरली जाणे नव्हे.

वापराचा वार्षिक अहवाल द्यावयाचा तो विद्युत केंद्राने. त्यामुळे ‘इतके टक्के राख वापरली गेली’ हा आकडा विक्रेत्याच्या, किंबहुना विल्हेवाट लावणाऱ्याच्या बाजूचा आहे. केंद्र शासनाच्या १९५१ पासूनच्या खरेदी यंत्रणेचे नावच ‘पुरवठा व विल्हेवाट महासंचालनालय’ असे होते (ती यंत्रणा २०१७ मध्ये बंद झाली). राखेच्या बाबतीत या नावातील दुसरा शब्दच प्रभावी ठरला. राख केंद्राच्या फाटकाबाहेर गेली की ती ‘वापरली’ असे गणले गेले.

याचे परिणाम परळी परिसराने भोगले. २००९ च्या दुरुस्तीनुसार राखेच्या विक्रीला अटींसह मुभा मिळाली, तरी तळ्यातील राख वीट उत्पादक, शेतकरी आणि बांधकाम विभागांना विनामूल्यच द्यावयाची होती. जी वस्तू फुकट आहे, पण जिच्यासाठी बाजारात पैसे मिळतात, ती उचलण्याचा हक्क हाच मग मोलाचा ठरतो. २०२४ च्या अखेरीस आणि २०२५ च्या प्रारंभी परळीतील राखेची अनधिकृत उचल व उघड्या वाहनांतून होणारी वाहतूक हा राज्यभर चर्चेचा विषय झाला, तो अचानक नव्हे. दादाहरी वडगावसारख्या राखतळ्यालगतच्या गावांत उन्हाळ्याच्या वाऱ्यात उडणारी राख त्याआधीपासूनच पिकांवर आणि पाणवठ्यांवर बसत होती. ज्या विटेला पर्यावरणपूरक म्हणून प्राधान्य द्यावयाचे, तिचा कच्चा माल वाटेत कोणाच्या श्वासात जातो, हा प्रश्न कोणत्याही निविदेत विचारला गेला नाही.

३१ डिसेंबर २०२१ च्या नव्या अधिसूचनेने ‘प्रदूषकाने भरपाई द्यावी’ हे तत्त्व आणले. न वापरलेल्या राखेवर केंद्राला टनामागे एक हजार रुपये पर्यावरणीय भरपाई लागू झाली, आणि वापराचे बंधन न पाळणाऱ्या बांधकाम यंत्रणांवरही प्रथमच आर्थिक दायित्व आले. म्हणजे खरेदीदाराला जबाबदार धरण्यास १९९९ पासून २२ वर्षे लागली. तेथेही एक अट आहेच : राखेच्या वस्तूची किंमत पर्यायी वस्तूपेक्षा अधिक नसावी. मातीच्या विटेच्या किमतीत काळीच्या थराचे मोल धरले जात नसल्याने ही तुलना कोणत्या बाजूला झुकते, हे सांगावयास नको. साचलेली जुनी राख दहा वर्षांत संपवावी असेही ती अधिसूचना सांगते. परळीचे ३० आणि २१० मेगावॅटचे संच इतिहासजमा झाले. त्यांची राख मात्र अद्याप हिशेबात यावयाची आहे.