भीमेची नाव आणि उन्हाळ्याचें पाणी

सोलापूर जिल्ह्याचें नांव निघालें म्हणजे चादरी, ज्वारी आणि दुष्काळ या तीन गोष्टी ऐकणाऱ्याच्या मनांत उभ्या राहतात. नाव अगर होडी कोणाच्या मनांत येत नाहीं. नौकानयन हा विषय कोंकणाचा, देशावरच्या माणसाचा त्याच्याशीं संबंध काय, असा सामान्य समज आहे. परंतु याच जिल्ह्यांत करमाळा तालुक्याच्या दक्षिण कडेला आज एवढें पाणी पसरलें आहे कीं, एका कांठावर उभ्या राहिलेल्या माणसास समोरच्या कांठावरचा माणूस ओळखूं येत नाहीं. फाल्गुन सरत आला म्हणजे त्या पाण्याच्या कडेला होड्या वर ओढून आडव्या पाडलेल्या दिसतात. कोठें तळ खरवडला जातो, कोठें रंग लागतो, कोठें उघड्या यंत्राभोंवतीं दोघे-तिघे जण तेलाच्या हातांनीं बसलेले असतात. उन्हाळ्याच्या तोंडावर होडी सिद्ध करण्याची ही चाल भीमेच्या कांठीं जुनी नाहीं. ती कशी आली हें समजून घ्यावयाचें तर थोडें मागें जावें लागतें.

भीमा भीमाशंकराच्या डोंगरांत उगम पावते आणि पुणें व सोलापूर हे जिल्हे ओलांडून पुढें कृष्णेस मिळते. धरणें होण्यापूर्वीं तिचा स्वभाव टोंकाचा होता. आषाढ-श्रावणांत दोन्ही थड्या भरून वाहणारी ही नदी वैशाखांत वाळूचें मैदान व मधून मधून डोह एवढीच उरे. अशा नदीवर मालाची लांबची वाहतूक होणें शक्यच नव्हतें. उन्हाळ्यांत उतार सांपडे, गाड्या पात्रांतून पार होत. पावसाळ्याचे चार महिने मात्र पैलतीर गांठण्यास साधन लागे. ज्याला जें मिळालें तें त्यानें वापरलें. वाळलेले दुधी भोपळे जोडून त्यांची सांगड करीत आणि तिच्या आधारानें माणूस पार होई. दोन भिन्न गोष्टींची ‘सांगड घालणें’ हा वाक्प्रचार आपण पंडिती लेखांत खुशाल वापरतों. तो भोपळ्यांवरून आलेला आहे हें फारसें कोणाच्या ध्यानांत नसतें. गुऱ्हाळ संपल्यावर रिकामी पडलेली गुळाची काहीलहि नावेचें काम करी. दक्षिणेस तुंगभद्रेवर वेताच्या विणीवर कातडें मढविलेल्या वाटोळ्या टोपल्या चालत. इ. स. १५२० च्या सुमारास विजयनगरास आलेल्या दुमिंगु पाइश या पोर्तुगीज प्रवाशानें त्यांचें वर्णन केलें आहे. पंधरा-वीस माणसें त्यांत बसत, प्रसंगीं घोडे व बैलहि नेतां येत, आणि वल्हवतांना टोपली सारखी गरगर फिरत राही, असें तो सांगतो.

या नद्यांच्या लहरीपणाचा अनुभव बादशहासहि चुकला नाहीं. औरंगजेबाची छावणी कांहीं वर्षें भीमेच्या कांठीं ब्रह्मपुरीस होती. पुढें १७०० सालीं सांगोले तालुक्यांतील खवासपूर येथें माण नदीच्या कांठीं ती उतरली असतां रात्रीं एकाएकीं पूर आला, तंबू वाहून गेले, आणि त्या धांवपळींत वृद्ध बादशहाचा गुडघा निखळून तो कायमचा लंगडा झाला. माण म्हणजे भीमेची एक कोरडी उपनदी. बाकीचे आठ महिने तींत गुडघाभरहि पाणी नसावयाचें!

नावेचा खरा थाट पाहावयाचा तो पंढरपुरास. वाळवंटांतलें पुंडलिकाचें देऊळ पुरांत बुडतें, आणि यात्रा तर नेमकी आषाढांत, म्हणजे पाणी चढतें असतांना भरते. वारकऱ्यांना चंद्रभागेच्या पैलतीरीं नेणें-आणणें हा तेथील कोळी समाजाचा पिढीजात धंदा. येथेंच देश आणि कोंकण यांतला एक मौजेचा भेद लक्षांत येतो. कोंकणांत पावसाळा लागला कीं होडी कांठावर चढते. तिच्यावर झांपांचें छप्पर पडतें आणि नारळी पौर्णिमेला समुद्राची पूजा झाल्यावर ती पुन्हां पाण्यांत जाते. भीमेवर याच्या अगदीं उलट. येथें होडी उन्हाळाभर कोरडी पडावयाची आणि मृगाचा पाऊस दिसला कीं बाहेर निघावयाची. लांकूड चार महिने उन्हांत तापलें म्हणजे आक्रसतें व फळ्यांच्या सांध्यांना फटी पडतात. म्हणून त्या सांध्यांत कापूस अगर ताग ठोकून बसवावयाचा, वरून राळ अगर डांबर द्यावयाचें, आणि नंतरहि होडी एकदम ओझें घालून सोडावयाची नाहीं. एक-दोन दिवस ती पाण्यांत नुसती बुडवून ठेवावयाची. फळ्या फुगतात व उरलेल्या फटी आपल्या आपण मिटतात. ही युक्ति कोणत्याहि शाळेंत शिकविलेली नव्हे.

इंग्रजी अमलांत सरकारचें लक्ष या तरींकडे गेलें. १८६८ सालीं मुंबई इलाख्यासाठीं तरींचा व अंतर्गत जलवाहनांचा कायदा झाला. पण त्याच सुमारास रेल्वेहि आली. पुण्याहून निघालेला लोहमार्ग १८५८ सालीं दिकसाळपर्यंत पोंचला आणि १८६० सालीं सोलापुरास भिडला. दिकसाळजवळ भीमेवर त्यासाठीं दगडी पूल बांधावा लागला. जेथें जेथें पूल झाला तेथें तेथें नावाड्याचें महत्त्व ओसरलें, आणि विसाव्या शतकाच्या मध्यास देशावरची होडी ही यात्रेपुरती व पुरापुरती उरलेली वस्तु झाली होती.

तिला नवा जन्म दिला तो उजनीच्या धरणानें. माढा तालुक्यांत उजनी येथें भीमेवर हें धरण १९६९ सालीं सुरू झालें व १९८० सालीं पुरें झालें. त्याच्या जलाशयास यशवंतसागर म्हणतात. एकंदर पाणी सुमारें ११७ अब्ज घनफूट. पैकीं कालव्यांना व नदीस नेहमींच्या रीतीनें सोडावयाचें सुमारें साडेत्रेपन्न अब्ज, आणि बाकीचें, म्हणजे निम्म्याहून अधिक, तळचा मृत सांठा. सोलापुरास पाणी मिळालें, ऊंस वाढला, साखरेचे कारखाने उभे राहिले. हें सर्वांस ठाऊक आहे. ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांची गोष्ट मात्र कमी वेळां सांगितली जाते. जीं गांवें बुडालीं तीं वर सरकून वसलीं, पण त्यांचे सोयरसंबंध, बाजार आणि देवस्थानें पूर्वींच्याच ठिकाणीं राहिलीं. करमाळ्याकडील गांव आणि इंदापुराकडील गांव यांच्यामध्यें पूर्वीं उन्हाळ्यांत चालत ओलांडण्याजोगी नदी होती. तेथें आतां बारमाही सागर झाला. जमिनीवरून जावयाचें तर मोठा वळसा, पाण्यावरून मात्र थोडक्या वेळाचें काम. तेव्हां होडी पुन्हां निघाली, आणि या खेपेस तिच्यांत यंत्र बसलें.

यंत्र आणि नाव यांची गांठ जर्मनींत पडली. गॉटलिब डाइमलर यानें १८८६ सालीं आपलें पेट्रोलचें इंजिन एका होडींत बसवून नेकार नदीवर चालविलें. लोकांना त्या स्फोटक तेलाची धास्ती वाटूं नये म्हणून त्यानें होडीवर तारा व चिनी मातीचे गोळे लटकविले आणि ती विजेवर चालते असा देखावा केला, अशी कथा आहे. गरिबाच्या कामास मात्र पेट्रोलपेक्षां रुडॉल्फ डीझेलचें इंजिन अधिक आलें. १८९७ सालीं तें यशस्वी ठरलें, आणि सोळा वर्षांनीं, १९१३ सालीं, स्वतः डीझेल इंग्लंडास जात असतां रात्रीं आगबोटीवरून नाहींसा झाला. महाराष्ट्रांत १९४६ सालीं पुण्याजवळ खडकीस किर्लोस्करांचा तेलइंजिनांचा कारखाना निघाला, आणि पुढें विहिरीवरून येणारा इंजिनाचा ठक्‌ठक् आवाज खेड्यांच्या ओळखीचा झाला. विहिरीवरच्या त्या यंत्राचाच भाऊबंद होडींत बसला म्हणजे झाली लाँच!

आतां तिच्या उन्हाळी तयारीकडे वळूं. दिवाळीच्या सुमारास तुडुंब असलेला यशवंतसागर माघापासून उतरूं लागतो आणि चैत्र-वैशाखांत उपयुक्त सांठा संपून मृत सांठ्यांतलें पाणी निघूं लागतें. वर्तमानपत्रांत तेव्हां ‘उणे’ टक्के छापून येतात. २०२४ च्या उन्हाळ्यांत हा आंकडा उणे साठाच्या घरांत गेला होता. पाणी हटलें कीं होडीचा धक्काहि हटतो, गाळाचा पट्टा उघडा पडतो, आणि उतारूंस वाट करून देण्यासाठीं दगड-मुरूम टाकावा लागतो. याच वेळीं येण्याजाण्याची गर्दी वाढते, कारण लग्नसराई असते, शाळांना सुटी असते. भिगवण-कुंभारगांवाकडे रोहित पक्षी पाहण्यास शहरचे लोक येतात त्यांचीहि होडीस मागणी असते. म्हणून गर्दीच्या आधीं दुरुस्ती उरकावी लागते. पत्र्याच्या होडीचा तळ खरवडून गंज काढतात, झिजलेल्या जागीं नवें ठिगळ जोडतात व वर तांबडा गंजरोधक रंग देतात. कांचतंतूच्या होडीच्या भेगा त्याच लुकणानें बुजवितात. यंत्राचें जुनें तेल काढून नवें घालतात, डीझेलची गाळणी बदलतात, टाकीच्या तळाशीं सांचलेलें पाणी सोडून देतात. डीझेलमध्यें पाणी राहिलें तर नेमकें भर पात्रांत यंत्र बंद पडतें. पंख्याचा दांडा जेथून तळाबाहेर जातो ती जागा सर्वांत नाजूक. तेथें चरबी लावलेली दोरी भरून वरून झांकण आवळतात. फार आवळलें तर दांडा तापतो, सैल राहिलें तर पाणी आंत येतें. थेंब थेंब पाणी झिरपत राहावें इतकेंच आवळावयाचें हें हाताला कळावें लागतें. पंख्याचीं पातींहि तपासावीं लागतात, कारण उन्हाळ्यांत पाण्याखालीं बुडालेल्या जगाचे माथे वर येतात. जुन्या झाडांचे बुंधे, विहिरींचे कांठ, घरांच्या भिंती. पळसदेवचें प्राचीन देऊळ तर फार पाणी उतरलें म्हणजे सबंध उघडें पडतें आणि लोक दर्शनास जातात. एरवीं ज्या गांवावरून होडी बिनघोर जाते त्याच गांवाची भिंत उन्हाळ्यांत तिचा पंखा मोडते.

ही सारी तयारी यंत्राची व तळाची झाली. पण तिच्यांत एक मोठी उणीव राहून जाते, आणि ती इतिहासानें ठेवलेली आहे. देशावरची होडी घडली ती अरुंद पात्रासाठीं. तिचा तळ सपाट, कांठ बुटका. डोहांत व पुराच्या कडेकडेनें तें ठीक होतें. परंतु वाऱ्यास पाण्यावरून धांवण्यास जितकी लांब मोकळी जागा मिळेल तितकी लाट मोठी उठते. नदीचा सागर झाला तेव्हां लाटहि सागराची झाली. होडींत भर पडली ती केवळ यंत्राची. त्यांत माणसांबरोबर मोटारसायकलीहि चढतात, म्हणजे भार वर जातो व होडी कलंडण्यास सोपी होते. कोंकणचा तांडेल वाऱ्याचें भय आईच्या दुधाबरोबर शिकतो, आणि तरीहि १७ जुलै १९४७ रोजीं मुंबईहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ आगबोट भर पावसाळ्यांत उलटून सहाशेंहून अधिक लोक बुडाले. देशावरच्या नावाड्यास पुराचें भय ठाऊक होतें. वैशाखांतल्या वाऱ्याचें भय त्याच्या वाडवडिलांना असण्याचें कारणच नव्हतें, कारण वैशाखांत त्यांची होडी कोरड्यावर असे. वळवाचा ढग मात्र दुपार कलतांना बघतां बघतां उभा राहतो. त्यांतून खालीं कोसळणारी थंड हवा पावसाच्या पुढें धांवते आणि पहिला थेंब पडण्याआधींच वादळ पाण्यावर येतें.

२१ मे २०२४ रोजीं सायंकाळीं असेंच झालें. करमाळा तालुक्यांतील कुगांवाहून इंदापूर तालुक्यांतील कळाशीकडे निघालेली होडी वादळी वाऱ्यांत उलटली. तीवर सात जण होते. एक जण पोहून कांठास लागला. दोन लहान मुलें धरून सहा जण गेले. राष्ट्रीय आपत्ति प्रतिसाद दलास सर्व देह काढण्यास तिसरा दिवस उजाडला. होडीचें यंत्र किती चांगलें होतें या प्रश्नास तेथें अर्थ नव्हता. अंगावर तरंगतें जाकीट, ठरलेल्या संख्येपेक्षां एकहि उतारू अधिक न घेणें आणि ढग दिसतांच होडी न सोडणें, या तीन गोष्टींस खर्च यंत्राच्या एका दुरुस्तीपेक्षां कमी येतो. पण तयारी म्हटली कीं त्या कोणी मोजीत नाहीं. जाकीट उकडतें म्हणून उतारू तें घालीत नाहींत, आणि खेप बुडाली तर नावाड्याची त्या दिवसाची मिळकत जाते. दोष एकट्या नावाड्यावर टाकणें म्हणूनच न्यायाचें होणार नाहीं. १९१७ चा अंतर्गत जलवाहनांचा जुना कायदा जाऊन २०२१ सालीं नवा आला, आणि नोंदणी, तपासणी व जीवरक्षक साहित्य यांचे नियम त्यांत आहेत. ते करमाळ्याच्या गाळांतल्या धक्क्यापर्यंत पोंचविणें हें निराळें काम आहे.

शिरसोडी व कुगांव यांस जोडणारा पूल मंजूर झाला आहे. तो पुरा होईल तेव्हां या भागांतील नावाड्याचें तेंच होईल जें दिकसाळच्या पुलानें पूर्वीं झालें. तोंपर्यंत दर आषाढांत पुण्याकडील धरणांचें पाणी खालीं उतरेल, उघडी पडलेली देवळें व वाडे एकामागून एक बुडतील, आणि होडीची दोरी रोज थोडी थोडी वरच्या खुंट्यास बांधावी लागेल.