ऋतुनिवृत्तीनंतरची हॉर्मोन चिकित्सा व स्तनाचा कर्करोग

स्त्रीची मासिक पाळी कायमची थांबते, त्या अवस्थेस ऋतुनिवृत्ती म्हणतात. या सुमारास अंडकोशातील ईस्ट्रोजेन हॉर्मोनाची निर्मिती घटते व अंगातून गरम वाफा येणे, घाम सुटणे, निद्रानाश इ. त्रास उद्‌भवतात. ही उणीव औषधांनी भरून काढणे म्हणजे हॉर्मोन प्रतिस्थापन चिकित्सा होय.

ईस्ट्रोजेन व स्तनाचा कर्करोग यांचा संबंध ही चिकित्सा रूढ होण्यापूर्वीच लक्षात आला होता. अंडकोश काढल्यावर वाढलेला कर्करोग ओसरतो, हे स्कॉटिश शस्त्रक्रियातज्ञ जॉर्ज बीट्सन यांनी १८९६ मध्ये नोंदविले. १९३२ मध्ये आंत्वान लाकासान्य यांनी हे हॉर्मोन टोचून नर उंदरांत हा रोग उत्पन्न केला. मुंबईत कमल रणदिवे (१९१७–२००१) यांनी वि. रा. खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली उंदरांच्या विविध वाणांतील स्तनग्रंथींचा अभ्यास केला आणि या रोगाशी आनुवंशिकता, हॉर्मोने व व्हायरस यांचा असलेला संबंध तपासला.

तथापि, १९४२ मध्ये अमेरिकेत गाभण घोडीच्या मूत्रापासून काढलेली हॉर्मोने विक्रीस आली व १९६० नंतर त्यांचा झपाट्याने प्रसार झाला. केवळ ईस्ट्रोजेनाने गर्भाशयाच्या अंतःस्तराच्या कर्करोगाचा धोका वाढतो, असे १९७५ मध्ये आढळल्यावर त्यास प्रोजेस्टिनाची जोड देण्यात आली. त्यामुळे गर्भाशयाचे रक्षण झाले. स्तनाचा धोका मात्र वाढला. १६,६०८ स्त्रियांवरील अमेरिकी चाचणी या कारणाने जुलै २००२ मध्ये मुदतीपूर्वी थांबविण्यात आली. तीत दरवर्षी दर १०,००० स्त्रियांमागे औषधविरहित गोळी घेणाऱ्या ३०, तर संयुक्त औषध घेणाऱ्या ३८ जणींना हा रोग झाला. २०१९ मधील ५८ अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात केवळ ईस्ट्रोजेनानेही धोका थोडा वाढल्याचे आढळले. चिकित्सा जितकी दीर्घ, तितका धोका अधिक असतो आणि ती थांबविल्यावरही तो काही वर्षे टिकतो. म्हणून त्रास तीव्र असल्यास व आवश्यक तेवढाच काळ ती वैद्यकीय देखरेखीखाली देतात. स्तनाचा कर्करोग झालेल्या स्त्रीस ती सामान्यतः वर्ज्य मानतात.

याच वयात स्तनतपासणीचे महत्त्वही वाढते. मुंबईत टाटा स्मारक केंद्राने १९९८ पासून १,५१,५३८ स्त्रियांवर केलेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने केलेल्या तपासणीमुळे पन्नाशीच्या व त्यापुढील स्त्रियांत या रोगाने होणारे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाल्याचे त्यात दिसून आले.