दिनविशेष : २० सप्टेंबर
१९८८ : ‘द रिटर्न ऑफ द मस्केटिअर्स’मध्ये प्लांशे या इमानी नोकराची भूमिका करणारे ब्रिटिश विनोदी अभिनेते रॉय किनीअर यांचे माद्रिदमध्ये निधन. वय अवघे ५४. आदल्या दिवशी स्पेनमधील टोलेडो येथे चित्रीकरण सुरू असताना घोड्यावरून पडून त्यांचे कमरेचे हाड मोडले होते. अलेक्झांडर द्युमा यांच्या ‘ट्वेंटी इयर्स आफ्टर’ (१८४५) या कादंबरीवर बेतलेला हा चित्रपट म्हणजे दिग्दर्शक रिचर्ड लेस्टर यांच्या मस्केटिअर मालिकेतला तिसरा भाग. किनीअर यांची उरलेली दृश्ये बदली नट आणि उसना आवाज घेऊन कशीबशी उरकली. तलवारबाजी झकास, पण पहिल्या दोन चित्रपटांची सर याला नाही. लेस्टर यांनी यानंतर एकही कथापट दिग्दर्शित केला नाही.