प्रवाळभित्ती आणि प्रजननस्वास्थ्य : एका दानपरंपरेचा इतिहास

इ. स. २००० मध्ये फिलिपाइन्सच्या किनारपट्टीवर एका उपक्रमाचा प्रारंभ झाला. 'लोकसंख्या आणि किनारी संपत्ती यांचे एकात्म व्यवस्थापन' असे त्याचे नाव होते, आणि इंग्रजी आद्याक्षरांवरून तो 'आयपॉपकॉर्म' या काहीशा विचित्र नावाने ओळखला जाई. पाथ फौंडेशन फिलिपाइन्स ही संस्था तो चालवीत असे. पैसा प्रामुख्याने कॅलिफोर्नियातील डेव्हिड व ल्युसिल पॅकार्ड प्रतिष्ठानाचा होता. पुढे अमेरिकी सरकारच्या साहाय्यसंस्थेचाही त्यात वाटा आला. एकाच अनुदानातून एकीकडे प्रवाळभित्तीभोवती मासेमारीबंदीची क्षेत्रे आखली जात आणि दुसरीकडे गावातील तरुण-तरुणींना संततिनियमनाची माहिती व साधने पुरविली जात. या दोन कार्यांची सांगड कोणी, केव्हा आणि कोणत्या विचाराने घातली, हा इतिहासाच्या अभ्यासकाने विचारावा असा प्रश्न आहे. कारण ज्या कारणासाठी दात्यांनी ही सांगड घातली त्याच कारणासाठी घेणाऱ्यांनी ती स्वीकारली, असे दिसत नाही.

दात्यांच्या बाजूचा इतिहास जुना आहे. कागदी पेल्यांच्या धंद्यात श्रीमंत झालेल्या ह्यू मूर या अमेरिकन उद्योगपतीने १९५४ मध्ये 'लोकसंख्येचा बाँब' या नावाची पुस्तिका काढून ती वाटली. हेच नाव पुढे पॉल एर्लिक यांनी १९६८ मध्ये आपल्या पुस्तकाला दिले. (एकदा वापरून फेकून द्यावयाच्या पेल्याचा व्यापारी पृथ्वीच्या क्षमतेची चिंता वाहतो, यातील विसंगती त्या काळी कोणाला जाणवल्याचे दिसत नाही.) मूर यांच्या पुस्तिकेच्याही आधी, १९५२ च्या नोव्हेंबरात, मुंबई येथे भरलेल्या परिषदेत आंतरराष्ट्रीय कुटुंबनियोजन संघाची स्थापना झाली. लेडी धन्वंती रामा राव आणि मार्गारेट सँगर या तिच्या अध्वर्यू होत्या. त्याच मुंबईत १९२१ पासून र. धों. कर्वे संततिनियमनाचे केंद्र चालवीत आले होते आणि 'समाजस्वास्थ्य' मासिकापायी खटले व तोटा सोसत होते, याचे स्मरण मराठी वाचकाला येथे झाल्याशिवाय राहणार नाही. कर्वे यांच्या मांडणीचा केंद्रबिंदू व्यक्तीचे, त्यातही स्त्रीचे, सुख व स्वातंत्र्य हा होता. मूर यांच्या मांडणीत व्यक्तीला स्थान नव्हते. तेथे फक्त संख्या होती. हे दोन प्रवाह पुढेही एकमेकांत पूर्णपणे मिसळले नाहीत, आणि प्रस्तुत विषयातील बराचसा ताण त्यातूनच आलेला आहे.

पॅकार्ड प्रतिष्ठानाची स्थापना १९६४ ची. ह्यूलेट-पॅकार्ड या विद्युत्-उपकरणांच्या कंपनीचे एक संस्थापक डेव्हिड पॅकार्ड यांना लोकसंख्यावाढीची चिंता प्रथमपासून होती. त्यांच्या दोन कन्यांनी सागरी जीवशास्त्राचा अभ्यास केला. त्या कुटुंबाच्या देणगीतून माँटेरे उपसागराचे मत्स्यालय उभे राहून १९८४ मध्ये खुले झाले, आणि १९८७ मध्ये त्याच परिसरात समुद्रसंशोधनाची संस्था निघाली. पॅकार्ड १९९६ मध्ये निवर्तले आणि त्यांची प्रचंड संपत्ती प्रतिष्ठानाकडे आली. पित्याची चिंता आणि कन्यांची विद्या अशी एका घरात नांदत होती. प्रवाळ आणि प्रजनन ही दोन खाती एका वहीत येण्याचे एक कारण इतके साधे, इतके घरगुती आहे. पुष्कळदा मोठ्या धोरणांच्या मुळाशी असे कौटुंबिक योगायोग आढळतात आणि धोरणाचे इतिहासकार ते नोंदविण्यास संकोचतात. रॉजर व व्हिक्टोरिया सँट या दांपत्याने स्थापिलेल्या समिट प्रतिष्ठानाने मेक्सिको, बेलीझ, ग्वातेमाला व होंडुरास या देशांच्या किनाऱ्यालगतची प्रवाळभित्ती आणि त्या प्रदेशातील मुलींचे कल्याण हे दोन्ही विषय हाती घेतले. तेव्हा हा योगायोग एकाकी नव्हता, हेही खरे.

परंतु योगायोगाला शास्त्राचा आधार लागतो. तो मॅनिला येथील जलसंपत्ती-संशोधनसंस्थेत काम करणाऱ्या डॅनिएल पॉली यांनी पुरविला. १९८० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी 'माल्थसीय अतिमासेमारी' ही संज्ञा रूढ केली. तिचा आशय असा : अन्य उपजीविका नसलेले गरीब कोळी संख्येने वाढत जातात, मासे कमी होत जातात, आणि मिळकत टिकविण्याच्या धडपडीत ते सुरुंग, सायनाइड यांसारख्या, ज्यावर मासा जगतो ते प्रवाळच नष्ट करणाऱ्या, साधनांकडे वळतात. ही मीमांसा मर्मग्राही आहे. तथापि तिचे मूळ विवेचन ध्यानपूर्वक वाचल्यास दिसते की, कोळ्यांची संख्या वाढण्याचे कारण केवळ कोळ्यांच्या घरांतील जन्म हे नव्हे. शेती गमावलेले, भूमिहीन झालेले शेतकरी डोंगर उतरून किनाऱ्यावर येतात, कारण समुद्राला बांध नाही आणि जाळे टाकण्यास सातबारा लागत नाही. हा त्या विवेचनाचा अविभाज्य भाग होता. दात्यांच्या कानी मात्र 'माल्थस' हे विशेषण तेवढे पडले. जमिनीच्या वाटपाचा प्रश्न राजकीय, म्हणून परक्या दात्याला अस्पृश्य. जन्मांचा प्रश्न वैद्यकीय, म्हणून हाताळण्याजोगा. संज्ञेतील एक शब्द कसा अर्धे कारण झाकून टाकतो, याचे हे उत्तम उदाहरण होय.

याच सुमारास शब्दांचे दुसरेही एक स्थित्यंतर घडले. १९९४ मध्ये कैरो येथे भरलेल्या लोकसंख्या व विकास परिषदेने 'लोकसंख्यानियंत्रण' या शब्दाला निरोप देऊन 'प्रजननस्वास्थ्य' आणि 'प्रजननाधिकार' हे शब्द प्रतिष्ठित केले, व किशोरवयीनांच्या गरजांचा स्वतंत्र निर्देश केला. भारतात १९७७ मध्ये 'कुटुंबनियोजना'चे 'कुटुंबकल्याण' झाले होते. पण ते आणीबाणीतील सक्तीच्या शस्त्रक्रियांचा कलंक पुसण्यासाठी झालेले नामांतर होते. कैरोतील बदल त्याहून खोल, स्त्रियांच्या संघटनांनी झगडून मिळविलेला होता. तरीही दात्यांच्या कागदांतून जुना हेतू व नवा शब्द पुष्कळ काळ शेजारी शेजारी नांदले. 'आयपॉपकॉर्म' या नावातील 'पॉप' हे अक्षरद्वय कैरोनंतर सहा वर्षांनीही लोकसंख्येचेच आहे, स्वास्थ्याचे नाही.

हा प्रयोग फिलिपाइन्समध्येच का रुजला? प्रवाळसंवर्धनाची तेथील परंपरा दात्यांच्या आधीची आहे. दुमागेते येथील सिलिमन विद्यापीठाचे (तेही १९०१ मध्ये होरेस सिलिमन या अमेरिकन गृहस्थाच्या देणगीतून निघालेले) प्राणिशास्त्रज्ञ अँजेल आल्काला यांनी १९७४ मध्ये सुमिलोन बेटाजवळ मासेमारीस बंद असे क्षेत्र राखविले. स्थानिक राजकारणामुळे ते पुढे मोडले. १९८२ पासून आपो बेटावरील लोकांनी तसेच क्षेत्र स्वतः राखले आणि ते टिकले. या दोन बेटांतील फरकाने एक गोष्ट प्रस्थापित केली : राखण गावाने केली तरच भित्ती टिकते. १९९५ मध्ये आंतरराष्ट्रीय प्रवाळभित्ती उपक्रमाची पहिली कार्यशाळा दुमागेते येथेच भरली, हा आल्काला यांच्या कार्याचा एक प्रकारे गौरवच म्हणावा लागेल.

दुसरे कारण प्रशासकीय आहे, आणि अभ्यासकांनी त्याला द्यावे तितके महत्त्व दिलेले नाही. १९९१ च्या स्थानिक शासन संहितेने किनाऱ्यापासून १५ किलोमीटरपर्यंतचा समुद्र नगरपालिकांच्या अखत्यारीत दिला. त्याच संहितेने प्राथमिक आरोग्यसेवाही त्यांच्याच गळ्यात घातली. भित्तीची राखण आणि आरोग्यकेंद्रातील गोळ्या या दोहोंसाठी आता एकच नगराध्यक्ष उत्तरदायी होता. समुद्र एका खात्याचा आणि दवाखाना दुसऱ्या खात्याचा अशी व्यवस्था असलेल्या देशात दात्याला दोन स्वतंत्र दारे ठोठवावी लागतात. येथे एकच दार होते. पैशाइतकेच या दाराने सांगड शक्य केली.

तिसरे कारण शासनाच्या माघारीचे. मार्कोस यांच्या राजवटीत, १९७१ च्या कायद्याने, लोकसंख्याधोरण सरकारी झाले होते. पण साधने अमेरिकी मदतीतून येत. १९८६ नंतरच्या लोकशाहीत कॅथलिक चर्चचे वजन वाढले आणि १९८७ च्या घटनेत मातेच्या जीविताबरोबर गर्भधारणेपासून अर्भकाच्या जीविताचेही संरक्षण आले. २००० च्या फेब्रुवारीत मॅनिलाचे महापौर लितो आतिएंसा यांनी काढलेल्या आदेशानंतर शहराच्या दवाखान्यांतून कृत्रिम साधने नाहीशी झाली. अमेरिकेने तर २००८ पर्यंत साधनांचा पुरवठाच थांबविला. ज्या वर्षी राजधानीतील दवाखान्यांची कपाटे रिकामी होऊ लागली त्याच वर्षी पलावान, बोहोल आदी बेटांकडे हा उपक्रम निघाला होता.

गावात प्रत्यक्ष काय घडले, हे पाहणे उद्बोधक आहे. उपक्रमाने दवाखाने बांधले नाहीत. मीठ, साबण, सुटी सिगारेट विकणारी 'सारी-सारी' नावाची छोटी दुकाने तेथे वाडीवाडीवर असतात. त्यांच्या चालकांना शिकवून त्यांच्याकरवी गोळ्या व निरोध अल्प किमतीत विकविले. तरुणांपैकीच काहींना शिकवून ते आपल्या बरोबरीच्यांना माहिती देऊ लागले. वस्तू विकत द्यावयाची, फुकट नव्हे, हा निर्णय शहाणपणाचा होता. देणगी आटली तरी दुकान चालू राहण्याची शक्यता त्यात होती. बोहोलच्या उत्तरेस दानाहोन ही दुहेरी प्रवाळभित्ती आहे. अशा परिसरातील स्त्रीला गोळी हवी होती ती भित्तीसाठी नव्हे. तालुक्याच्या गावी होडीने जाऊन येण्यात दिवस व पैसा मोडत असे, ते वाचावे आणि पुढील मूल आपल्या इच्छेने व्हावे, एवढीच तिची अपेक्षा. ती कर्वे यांना तत्काळ समजली असती. बंदीक्षेत्राला पुरुषांनी मान्यता दिली ती शेजारी मासे वाढतात म्हणून. दात्याच्या मनातील कार्यकारणभाव गावाने स्वीकारला नाही; त्यातील दोन उपयुक्त गोष्टी तेवढ्या घेतल्या.

या उपक्रमाचे पलावान प्रांतातील मूल्यमापन २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. केवळ किनारीव्यवस्थापन, केवळ प्रजननस्वास्थ्य आणि दोहोंचे एकत्रित कार्य अशा तीन प्रकारच्या स्थळांची तुलना करून, एकत्रित कार्याचे फल माणसांच्या व समुद्राच्या अशा दोन्ही स्वास्थ्यांत अधिक आले, असा निष्कर्ष त्यात काढलेला आहे. अशी तुलना त्या क्षेत्रात दुर्मिळ असल्यामुळे तिचे मोल मोठे आहे. मात्र लेखकांमध्ये उपक्रमाशी निगडित व्यक्ती होत्या, आणि कालावधी २००१ ते २००७ असा सात वर्षांचाच होता. आज जन्मास न आलेले मूल कोळी म्हणून समुद्रात उतरले नसते तो दिवस पंधरा-वीस वर्षांनी यावयाचा. तेव्हा भित्तीत जी सुधारणा दिसली ती जन्म घटल्याने आली असणे शक्यच नाही. ती राखणीने, आणि दवाखान्याच्या निमित्ताने स्त्रिया सभांना येऊ लागल्या त्याने आली असावी. माल्थसीय गृहीतकाची सिद्धी म्हणून हा पुरावा पुढे करणे तर्काला धरून नाही.

दानाचा आधार किती डळमळीत असतो, हेही याच काळात दिसले. पॅकार्ड प्रतिष्ठानाची मत्ता मुख्यतः एकाच कंपनीच्या समभागांत होती. २००० नंतर त्यांचा भाव कोसळला, मत्ता निम्म्याहून कमी झाली आणि अनुदानांत मोठी कपात करावी लागली. पलावानच्या दुकानातील गोळीचे पाकीट आणि न्यूयॉर्कच्या शेअरबाजारातील एक आकडा यांच्यात असा धागा होता, आणि तो दुकानदारिणीला ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

मादागास्करच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरील वेझो कोळ्यांमध्ये ब्लू व्हेंचर्स या ब्रिटिश संस्थेने अशीच वाट चोखाळली. तिचा क्रम मात्र बोलका आहे. आंदावादोआका परिसरात २००४ मध्ये प्रथम ऑक्टोपसच्या शिकारीस काही महिने बंदी घातली गेली. संततिनियमनाचे केंद्र २००७ मध्ये निघाले. सेवेला नाव दिले गेले 'साफिदी', म्हणजे मालागासी भाषेत 'निवड'. राखीव क्षेत्राचे नाव 'वेलोंद्रियाके', म्हणजे 'समुद्रासंगे जगणे'. दात्यांच्या भाषेतील 'लोकसंख्या' या शब्दाला येथे स्थान मिळाले नाही. ज्या भाषेत काम करावयाचे तिच्यात तो शब्द ऐकणाऱ्याला मोजतो, आणि 'निवड' हा शब्द त्याला विचारतो. हा भेद कार्यकर्त्यांना उमगला होता.

तरुणांचा प्रश्न अखेर दानाने नव्हे, कायद्याने अडला. फिलिपाइन्समध्ये दीर्घ संघर्षानंतर २०१२ च्या डिसेंबरात प्रजननस्वास्थ्य कायदा (क्र. १०३५४) संमत झाला. अल्पवयीनांना पालकांच्या लेखी संमतीवाचून आधुनिक साधने मिळू नयेत, असे त्यात मुळातच होते. अपवाद होता तो जी आधीच माता झाली आहे किंवा जिचा गर्भस्राव झाला आहे तिच्यापुरता. २०१४ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायदा बहुतांशी वैध ठरविला, परंतु हा अपवाद रद्द केला. प्रवाळाच्या बाजूस २०२४ च्या एप्रिलमध्ये चौथ्या जागतिक प्रवाळ-विरंजनाची घोषणा झाली. तापलेल्या पाण्याला गावाची राखण अडवू शकत नाही. २०२५ च्या जुलैत अमेरिकी साहाय्यसंस्थेचे स्वतंत्र कार्य संपुष्टात आले. आपो बेटाचे राखीव क्षेत्र यांपैकी कोणाच्याही पैशावर सुरू झालेले नव्हते. १९८२ मध्ये तेथे विद्यापीठाचे लोक आणि गावकरी यांच्यात झालेला केवळ तोंडी करार होता.